रिपोर्टच्या तळाशी 'प्लीज कोरिलेट क्लिनिकली' लिहिलंय, म्हणजे आम्ही नेमकं काय करायचं?

माणगंगाकाठ (शनिवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. आईची (वय ५८) कंबर दिवाळीपासून धरली आहे. मागच्या महिन्यापासून उजव्या पायात कळ उतरायला लागली, मांडीच्या मागून थेट पोटरीपर्यंत. आटपाडीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पट्टा दिला. फरक पडेना म्हणून मिरजेला हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी एमआरआय सांगितला. काल तो झाला, आज संध्याकाळी रिपोर्ट हातात आला. डॉक्टर भेटणार सोमवारी. म्हणजे उद्याचा अख्खा रविवार हा कागद आमच्या घरात.

'इंप्रेशन'खाली लिहिलंय ते जसंच्या तसं देतो: "डिफ्यूज डिस्क बल्ज ॲट एल४-एल५, इंडेंटिंग थीकल सॅक, विथ माइल्ड बायलॅटरल न्यूरल फोरॅमिनल नॅरोइंग. प्लीज कोरिलेट क्लिनिकली."

आता घरात काय चाललंय ऐका. दाजी म्हणतात, क्लिनिकली म्हणजे मोठ्या क्लिनिकला दाखवा, हे इथल्या डॉक्टरांच्या आवाक्यातलं नाही. पुण्याच्या मावसभावाने मोबाईलवर भाषांतर करून पाठवलं: 'कृपया वैद्यकीयदृष्ट्या सहसंबंध जोडा'. सहसंबंध कुणाचा कुणाशी, ते त्यालाही माहीत नाही. आणि गल्लीतले एक मेडिकलवाले म्हणाले, असं लिहून आलं की ऑपरेशन ठरलेलंच. आईने नेमकं तेवढंच ऐकलं. तेव्हापासून भाकरीचा तुकडा मोडलेला नाही.

मला इंग्रजी बऱ्यापैकी येतं. सुटा सुटा शब्द डिक्शनरीत सापडतो, पण वाक्य काही उलगडत नाही. 'क्लिनिकली' इथे काय सांगतंय? आणि हे आम्हाला सांगितलंय की आणखी कुणाला?

पेठेतला पेन्शनर (शनिवार, रात्री १०.०५)

अर्थ सोपा आहे. "आम्ही फोटो काढला, पुढचं तुमचं तुम्ही बघा." रेडिओलॉजिस्ट मंडळी कुंपणावर बसतात ते असं. माझ्या छातीच्या एक्स-रेवर हेच, पोटाच्या सोनोग्राफीवर हेच, गुडघ्यावरही हेच. लेटरहेडवरच छापून घेत असावेत. आईंना आधी जेवू घाला.

मिरजेची टायपिस्ट (शनिवार, रात्री ११.१५)

पेन्शनरकाका, छापून नाही घेत हो, टाइप करावं लागतं. माझी सगळी नोकरी त्यातच गेली. आधी मिरजेत, मग सांगलीत, सोनोग्राफी-सीटी-एमआरआयच्या सेंटरांमध्ये रिपोर्ट टाइप करायचे. सुरुवातीला सर, म्हणजे फोटो बघून रिपोर्ट देणारे रेडिओलॉजिस्ट, कॅसेटवर बोलून ठेवायचे, नंतर शेजारी बसून सांगायला लागले. ही ओळ तर मी स्क्रीनकडे न बघता मारते.

भाऊ, तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण सगळी गोम तिथेच आहे. ती ओळ तुम्हाला नाहीच. ती तुमच्या हाडांच्या डॉक्टरांना आहे. रिपोर्ट हा एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरला दिलेला मजकूर. तो पेशंटच्या हातून जातो आणि पाकीट उघडं असतं, म्हणून वाटेत सगळं घर तो वाचतं. 'कोरिलेट' करायचं कुणी? ज्याने तपासणीची चिठ्ठी दिली त्याने. काय कशाशी जोडायचं? चित्रात जे दिसलं ते, पेशंटमध्ये जे आढळलं त्याच्याशी. आणि 'क्लिनिकली' म्हणजे हे ताडून कशाच्या जोरावर बघायचं, तर पेशंटला समोर बसवून, विचारून, हात लावून. आणखी एखादी तपासणी करा, असं त्यात कुठेही नाही. हे मुद्दाम सांगते, कारण काउंटरवर येऊन लोक मला विचारायचे, "मॅडम, हे कोरिलेशन कुठं करून मिळतं? किती घेतात?" एकजण तर चांगले दोन हजार रुपये वेगळे काढून आला होता.

सातबारा वाचून पीक उभं आहे की करपलंय ते कळत नाही, त्यासाठी बांधावर जावं लागतं. क्लिनिकली म्हणजे बांधावर जाऊन.

आता ही ओळ लिहावी का लागते ते सांगते, म्हणजे भीती जाईल. एमआरआयला टेक्निशियन पेशंटला झोपवतो, त्याआधी जोडवी-मंगळसूत्र काढायला लावतो, कानात कापूस घालतो. रेडिओलॉजिस्ट तिथे असतातच असं नाही. वरच्या मजल्यावर असतील, आणि आता तर दुसऱ्या गावात. फोटो नेटवरून जातात, रिपोर्ट नेटवरून येतो. तुझ्या आईला त्यांनी बघितलेलंही नसेल. मग त्यांना आईबद्दल कळणार कशातून? चिठ्ठीतून. आणि चिठ्ठीवर असतं काय? 'एमआरआय एल एस स्पाइन', म्हणजे कमरेच्या मणक्यांचा एमआरआय, खाली सही. फार तर 'एलबीपी', म्हणजे लो बॅक पेन. पाय कुठला, कधीपासून, मुंग्या येतात का, पडल्या होत्या का, कशाचाच पत्ता नाही. आमचे एक सर चिठ्ठी उलटीपालटी करून बघायचे आणि वैतागायचे, "अगं, डावा की उजवा एवढं तरी लिहायचं!" मग मी बाहेर जाऊन बाकावर बसलेल्या बाईंना विचारून यायचे. ज्यांची हकीकत अशी हाती लागायची, त्यांच्या रिपोर्टात सर धडधडीत लिहायला सांगायचे की पेशंटच्या उजव्या पायाच्या तक्रारीचं कारण हे असू शकेल. चिठ्ठी कोरी असली की शेवटी दोनच अक्षरं: "सीसी टाक." म्हणजे हीच 'कोरिलेट क्लिनिकली'ची ओळ.

काकांचंही अगदीच चूक नाही म्हणा. काही ठिकाणी नॉर्मल रिपोर्टचा साचा कॉम्प्युटरवर तयार असतो आणि ही ओळ त्या साच्यातच तळाला बसलेली असते. सर बोलोत न बोलोत, ती उमटणारच. कुठे ती मनापासून आहे हे ओळखायची माझी एक खूण आहे. खरंच शंका असली की कशाशी ताडायचं ते नाव घेऊन लिहितात, अमुक रक्ततपासणीशी, आधीच्या फिल्मशी, नसांच्या तपासणीशी. नुसतं 'क्लिनिकली' आलं तर बहुधा सवय, नाहीतर कोरी चिठ्ठी.

सोमवारी जाताना रिपोर्टचा एकच कागद खिशात घालून जाऊ नकोस. मोठ्या फिल्मचं पाकीट ने, सीडी दिली असेल तर तीही ने. चांगला डॉक्टर आधी फिल्म उजेडाला धरतो आणि कागद नंतर वाचतो.

हाडांचा निवासी (रविवार, सकाळी ७.३०)

मी अस्थिरोगात एमएस करतोय. रात्रपाळी संपवून लिहितोय, त्यामुळे शुद्धलेखन पोटात घाला. टायपिस्ट मावशींनी मुद्द्याचं सांगितलं आहे. मी फक्त टेबलाच्या अलीकडून बघायला काय होतं ते सांगतो.

सोमवारी 'क्लिनिकली' तुमच्या डोळ्यांसमोर होईल, पाच-दहा मिनिटांत. आईंना टेबलावर उताणं झोपवतील. गुडघा न वाकवता एकेक पाय वर उचलतील, टाच तळहातावर घेऊन, हळूहळू. साधारण ३० ते ७० अंशांच्या मधे कुठेतरी कळ कमरेतून निघून गुडघ्याच्या खाली उतरली, तर नस चिडलेली आहे असं धरतात. मांडीच्या मागे नुसता ताण बसला तर त्याला काही अर्थ नाही, तो तर माझ्याही बसतो. मग पायाचा अंगठा वर ओढायला सांगतील आणि बोटाने खाली दाबतील. एल४-एल५ची, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी साधारणपणे एल५च्या नसेला त्रास देते आणि अंगठा वर उचलायची ताकद त्याच नसेची. टाचांवर चार पावलं चाला म्हणतील ते त्याच्यासाठीच. चवड्यांवर चालायला लावलं, घोट्यामागे हातोडी मारली, की ती त्याच्या खालच्या एस१ नसेची परीक्षा. कापूस किंवा टाचणी पावलावर फिरवून कुठे बधिर आहे तेही बघतील.

आता तुमचाच रिपोर्ट घ्या. चित्र म्हणतं 'बायलॅटरल', दोन्हीकडे नस बाहेर पडायची जागा थोडी अरुंद. आई म्हणतात, कळ फक्त उजव्या पायात. म्हणजे डावीकडची अरुंदता आज कागदावरच आहे, तिच्यावर उपचार करायचे नसतात. उजवीकडची तपासणीशी जुळली तर ठीक. नाही जुळली, तर डॉक्टर खुबा तपासतील, साखर विचारतील, पायाच्या रक्तवाहिन्या चाचपतील, कारण पायातली प्रत्येक कळ मणक्यातूनच येते असं नाही. 'कोरिलेट क्लिनिकली' म्हणजे हे सगळं.

आणि 'बल्ज' (गादी कडेने थोडी फुगणं) या शब्दाला लोक घाबरतात, म्हणून एक जुना अभ्यास सांगतो. १९९४ साली अमेरिकेत ९८ माणसांचे कमरेचे एमआरआय काढले. कंबरदुखीची कसलीच तक्रार नसलेली माणसं. त्यांच्या फिल्म्समध्ये कंबर दुखणाऱ्या २७ जणांच्या फिल्म्स मिसळून दिल्या, म्हणजे वाचणाऱ्याला अंदाज बांधता येऊ नये. निकाल असा की त्या बिनतक्रारीच्या लोकांपैकी ५२ टक्के जणांच्या किमान एका गादीत बल्ज होता. सगळ्या गाद्या नॉर्मल निघाल्या फक्त ३६ टक्क्यांच्या. २०१५ साली अशा बऱ्याच अभ्यासांची एकत्र मांडणी झाली. तिच्यात काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या लोकांत बल्जचं प्रमाण ३० टक्के होतं आणि ऐंशीच्या घरात ८४ टक्के. ५८व्या वर्षी बल्ज दिसला नसता तर मला नवल वाटलं असतं. नुसत्या फिल्मवर ऑपरेशन ठरवायचं म्हटलं तर निम्मं गाव टेबलावर घ्यावं लागेल.

मात्र एक गोष्ट सोमवारची वाट न बघण्यासारखी. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, बसायच्या जागेवर बधिरपणा आला, किंवा पाऊल एकाएकी लुळं पडलं, तर रविवार असो की अमावास्या, थेट मोठ्या दवाखान्यात न्या. तसं काही नसेल तर आईंना जेवायला सांगा आणि अंथरूण धरू देऊ नका. घरातल्या घरात हिंडणं बरं.

इंग्रजीच्या बाई (रविवार, सकाळी ११.२०)

वैद्यकातलं मला कळत नाही, शब्दाचं थोडं कळतं.

ग्रीक 'क्लिने' म्हणजे खाट, बिछाना. त्यावरून आजाऱ्याच्या खाटेपाशी जाऊन केलेलं वैद्यक ते 'क्लिनिकल'. 'क्लिनिक' म्हणजे पाटी लावलेली खोली, हा अर्थ नंतरचा. आपल्याकडे नेमका तोच रुजला, म्हणून दाजींची गाडी मोठ्या क्लिनिककडे वळली. त्यांना हसू नका. आपल्या पाठ्यपुस्तकी मराठीतही 'चिकित्सालयीन' असाच शब्द घडवलाय, म्हणजे इमारतीला चिकटलेला. आयुर्वेदात रोगी तपासायच्या तीन वाटा सांगितल्या आहेत: दर्शन, स्पर्शन, प्रश्न. बघणं, हात लावणं, विचारणं. 'क्लिनिकली'त जे आहे ते या तिघांत आलं. मला विचाराल तर त्या ओळीचं मराठी 'रुग्णाला तपासून ताडून पाहावे' असं व्हावं. सहसंबंध वगैरे जोडायला नको.

उच्चार 'क्लिनिकली'. स्पेलिंगमध्ये मधे 'ए' आणि दोन 'एल' येतात, पण 'क्लिनिकॅली' म्हणायचं नाही. 'बेसिकली'चं तेच. (पब्लिकचं पब्लिकली होताना मात्र तो 'ए' लागत नाही. माझी दहावीची मुलं दर वर्षी तिथे आपटतात.)

वापराचं सांगते. 'क्लिनिकली डायग्नोज्ड' म्हणजे लॅबच्या किंवा फोटोच्या तपासण्यांशिवाय, बघून-विचारून ठरवलेलं निदान. कांजिण्या बहुतेक वेळा अशाच ओळखतात, अंगावरचे फोड बघून. त्याचा सख्खा भाऊ वाटणारा 'मेडिकली' वेगळा आहे. पोलीस भरतीत 'मेडिकली अनफिट' ठरतो तो तब्येतीच्या निकषांवर. आणि डॉक्टर 'मेडिकली मॅनेज करू' म्हणाले तर त्याचा अर्थ औषधांवर भागवू, चाकू नको. सोमवारी हा शब्द कानावर आला तर आईंना लगेच सांगा. 'क्लिनिकली प्रूव्हन' टूथपेस्टच्या डब्यावर दिसतं. माणसांवर वापरून पाहिलं एवढाच त्याचा दावा. किती माणसांवर, कशाच्या तुलनेत, ते डब्यावर नसतं. क्रिकेटच्या समालोचनात 'क्लिनिकल' खेळी म्हणतात ती भावनेच्या आहारी न जाता, थंड डोक्याने केलेली. तिथे खाटही नाही आणि आजारीही नाही. शब्द घर सोडून कुठल्या कुठे जातात.

जांभळं झाकण (रविवार, दुपारी २.४५)

मी लॅबमध्ये आहे. ही ओळ फक्त फोटोवाल्यांची नाही, आमच्या रक्ताच्या रिपोर्टवरही असते, आणि कधीकधी तिच्यामुळे माणूस वाचतो, निदान त्याचे पैसे तरी. डेंगीच्या दिवसांत मशीनने एकाच्या प्लेटलेट १८ हजार दाखवल्या. नातेवाईक प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी फोन फिरवू लागले. पेशंट मात्र बाकावर बसून वडापाव खातोय, ताप नाही, अंगावर एक लाल ठिपका नाही. काचेवर रक्त पसरून मायक्रोस्कोपखाली बघितलं तर प्लेटलेटचे गठ्ठेच्या गठ्ठे. काहींच्या रक्तात जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधल्या, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएमुळे प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीन गठ्ठ्यातल्या प्लेटलेट मोजत नाही. निळ्या झाकणाच्या, सायट्रेटच्या ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घेतलं, तर दीड लाखाच्या वर. सायट्रेटच्या पाण्याने रक्त थोडं पातळ होतं, म्हणून आलेल्या आकड्याला १.१ ने गुणायचं असतं. आकडा आणि माणूस जुळत नसतील तर आकड्यावर संशय घ्या, हाही त्या 'क्लिनिकली'चाच अर्थ.

माणगंगाकाठ (सोमवार, रात्री ८.५०)

सगळ्यांचे आभार. निवासी डॉक्टर, तुम्ही लिहिलं होतं अगदी त्याच क्रमाने झालं. उजवा पाय अर्ध्यावर जाताच आई "आई गं" म्हणाली, डावा सरळ वर गेला. अंगठ्याची ताकद शाबूत. टाचांवर चालून दाखवलं, तेही दाराला न धरता. डॉक्टर म्हणाले, नस चिडलीय पण कमजोर झालेली नाही, सहा आठवडे औषध आणि फिजिओथेरपी, वजन उचलायचं नाही. बाईंनी सांगितलेला 'मेडिकली'ही आला, मी आईला तिथल्या तिथे समजावलं. चिठ्ठीचं मावशींचं म्हणणं खरं निघालं. जाताना फाइलमध्ये नीट बघितली, 'एमआरआय एल एस स्पाइन' आणि सही, बस्स.

पण घरी येऊन फाइंडिंग्जचं पान वाचलं तर आणखी दोन शब्द अडकले. एका ठिकाणी "इन्सिडेंटली नोटेड, सिंपल कॉर्टिकल सिस्ट इन लेफ्ट किडनी, ११ एमएम". दुसऱ्या ठिकाणी "रेस्ट ऑफ द व्हिज्युअलाइज्ड ऑर्गन्स आर ग्रॉसली अनरिमार्केबल". डॉक्टर यावर काहीच बोलले नाहीत. 'ग्रॉस' म्हणजे घाणेरडं ना?

हाडांचा निवासी (सोमवार, रात्री ९.३०)

सिस्टचं आधी. साधी, पातळ भिंतीची, पाण्याने भरलेली सिस्ट पन्नाशीनंतर कितीतरी लोकांच्या किडनीत असते. ती दुखत नाही, तिच्यामुळे आईंची कंबरही दुखत नाहीये, आणि 'सिंपल' लिहिलं असेल तर तिच्यामागे लागायचं कारण नाही. डॉक्टर बोलले नाहीत ते त्यामुळेच. तरी पुढच्या भेटीत विचारा, तो तुमचा हक्क आहे. शब्दांचं मावशी सांगतील.

मिरजेची टायपिस्ट (सोमवार, रात्री १०.१०)

सांगते. 'इन्सिडेंटली' म्हणजे शोधायला गेलो नव्हतो, दिसलं म्हणून लिहिलं. कॅमेरा कमरेवर, फोटोच्या कडेला किडनी आली, तिच्यात फुगा दिसला. तो शब्द आजार मोठा की लहान ते सांगत नाही, ते कसं सापडलं तेवढं सांगतो. 'ग्रॉसली'त घाण काही नाही. वरवर पाहता, ढोबळ नजरेने, एवढाच अर्थ. मणक्याच्या फिल्ममध्ये किडनी-गर्भाशय पूर्ण दिसत नाहीत, म्हणून रिपोर्ट देणाऱ्याने स्वतःला तेवढं सोडवून घेतलेलं असतं. आणि 'अनरिमार्केबल' हे तर रिपोर्टमधलं सगळ्यात गोड विशेषण, लिहिण्यासारखं काही नाही म्हणून. बाहेर एखाद्या मुलीला अनरिमार्केबल म्हटलं तर भांडण होईल, आमच्याकडे त्यावर पेढे वाटावेत.

तो कागद मात्र टाकू नकोस. उद्या कशासाठी तरी पोटाची सोनोग्राफी झाली तर ही सिस्ट पुन्हा दिसणार आणि 'नवीन आहे का' असा प्रश्न निघणार. तेव्हा ११ मिलिमीटरचं हे माप तारखेसकट काउंटरवर आधीच दे, आणि चिठ्ठीवर उजवा की डावा ते डॉक्टरांकडून लिहून घे.